मीठ बरोबर

दुपारी एक वाजता आमच्या शाळेची मोठी सुट्टी होते. पंचावन्न पोरं हात धुऊन, ताटल्या घेऊन व्हरांड्यात दोन रांगांत बसतात. खिचडीचं पातेलं समोर वाफाळत असतं. विमलमावशी हातात डाव घेऊन उभ्या असतात. आणि सगळं घोडं एका म्हाताऱ्यापाशी अडलेलं असतं. भानुदासतात्या खांबाला टेकून बसलेले असतात, स्वतःची चाटूनपुसून रिकामी केलेली ताटली शेजारी ठेवून, मनगटावरचं चावीचं घड्याळ नाकाजवळ धरून.

"तात्या, वाढायचं का?" मी विचारते.

"आजून अकरा मिन्टं हायती, बाई."

"पोरं भुकेली आहेत."

"भुकेनं कोन मरत न्हाई अकरा मिन्टांत."

पहिलीतली पोरं ताटल्या वाजवायला लागतात. तात्या त्यांच्याकडे असं बघतात की ताटल्या आपोआप मांडीवर जातात. मग अकरा मिनिटांनी, एकही सेकंद आधी नाही, ते उठतात, धोतर झटकतात आणि म्हणतात, "व्हय. वाढा."

शाळेच्या समितीच्या यादीत आता तात्यांचं नाव नाही. तरीही हे रोज चालतं, आणि ते का चालतं हे सांगायला मला चार वर्षं मागे जावं लागेल.

मी मिरजगावपासून आत असलेल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका. शिक्षक आम्ही दोघंच, मी आणि गायकवाड सर. मिरजगावात खोली करून राहते, शनिवारी शाळा सुटली की एसटीने नगरला, सावेडीतल्या घरी. स्वभावाने मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल.

करोनानंतर शाळा पुन्हा उघडल्या, त्याच वर्षी माझी इथे बदली झाली. त्या दिवसांत आमची प्रशिक्षणं फार व्हायची. विषय एकच, लोकसहभाग. गाव शाळेत आलं पाहिजे, शाळा गावाची झाली पाहिजे. गाव शाळेत कसं आणायचं, हे आम्हाला तीन दिवस शिकवलं. तक्ते लावले, गट पाडले, गाणीसुद्धा म्हणायला लावली. आलेलं गाव परत घरी कसं पाठवायचं, याचा मात्र एकही तास झाला नाही.

मी उत्साहाने पालकसभा बोलावली. शाळा व्यवस्थापन समिती निवडायची होती. समितीत पालक असतात, सरपंचांचा माणूस असतो आणि एक जागा असते 'शिक्षणप्रेमी' म्हणून. पालकांच्या जागा पटापट भरल्या. शिक्षणप्रेमी म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्यात मागून आवाज आला.

"मला लई प्रेम हाय शाळंचं. घ्या माजं नाव."

मी विचारलं, "आपलं शिक्षण?"

"चौथी. ह्याच शाळंत. त्या कोपऱ्यात बसायचो." त्यांनी कोपराही दाखवला.

लोक हसले. मीही हसले आणि नाव लिहून घेतलं. त्या हसण्याची मला चार वर्षं अद्दल घडली.

दुसऱ्या दिवशी तात्या हजर. एका पिशवीत स्वतःची ताटली आणि चमचा. म्हणाले, "चव बघायला आलोय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेत पोरांना जे जेवण मिळतं, ते वाढायच्या अर्धा तास आधी कोणीतरी मोठ्या माणसाने खाऊन बघायचं, असा नियम आहे. शिक्षकाने, पालकाने किंवा समितीतल्या कोणी. मग चव रजिस्टर नावाच्या वहीत शेरा लिहून सही करायची. नियम चांगला आहे. पण सगळीकडे काय होतं, तर कोणीतरी उभ्याउभ्या चमचाभर तोंडात टाकतं, 'चांगली' असं लिहितं आणि मोकळं होतं. गॅस संपलेला असतो, पाणी उशिरा आलेलं असतं, खिचडी उतरेपर्यंत पाऊण वाजतो. अशा वेळी अर्ध्या तासाचा नियम थोडा वाकवावा लागतो. हे शाळेतल्या भिंतींनाही कळतं.

तात्यांना कळत नव्हतं. ते चमचाभर खायचे नाहीत, ताटलीभर खायचे. एकेक घास असा सावकाश चावायचे की बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. डोळे मिटायचे. मध्येच थांबून पोटावर हात ठेवायचे. मग ताटली खाली ठेवून घड्याळ वर करायचे, आणि तिथून पुढे अर्धा तास पातेल्याला कोणी हात लावायचा नाही. खिचडी पाऊण वाजता उतरली तर जेवण सव्वाला. एकला उतरली तर दीडला. दुपारचा पहिला तास आमचा रोज बुडायचा, आणि गायकवाड सरांचं गणित नेमकं त्याच तासाला असायचं. सर मला म्हणायचे, "मॅडम, पोरांना भागाकार आला नाही तर वरती लिहून कळवा, तात्यांमुळे आला नाही म्हणून."

आणि ते रजिस्टर! शेऱ्याचा रकाना बोटभर. तात्या तो ओलांडून पानभर पसरायचे. 'तांदूळ शिजला. डाळीत दोन टरफले. मटकीत एक खडा निघाला, तो सोबत जोडला आहे. मीठ बरोबर.' आणि खरोखरच खडा जोडलेला असायचा. चिकटपट्टी लावून. वर्षभरात त्या वहीत इतके खडे साठले की ती मिटेनाशी झाली. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी ऐटीत वही उचलली, उघडली, आणि चार खडे त्यांच्या बुटावर पडले.

"हे काय आहे?"

मी काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, "पुरावा."

साहेब गेल्यावर मी तात्यांना चांगलं झापलं. त्यांनी मुकाट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "लिवून ठिवलेलं बरं आसतं, बाई." दुसऱ्या दिवशीपासून खड्यांना दुहेरी चिकटपट्टी.

खाण्यापुरतं असतं तरी मी सहन केलं असतं. पण तात्या सकाळी परिपाठाला यायचे आणि प्रार्थना चालू असताना पोरांची नखं बघत फिरायचे. पाण्याच्या टाकीवर चढायचे. वय सत्तरीचं! मी खालून ओरडतेय, "उतरा, उतरा," आणि ते टाकीत डोकं घालून आतून सांगताहेत, "शेवाळ न्हाई!" त्यांचा आवाज टाकीत घुमायचा आणि पोरं टाळ्या पिटायची.

आमच्या शाळेच्या लोकसहभागाची तर त्यांनी पार वाट लावली. मी मोठ्या कष्टाने गावाला सवय लावली होती की ज्याच्या शेतात जी भाजी निघेल, त्यातली ओंजळभर शाळेला द्यायची. एक शेतकरी प्रेमाने चार कोबी घेऊन आला. मी आभार मानतेय, फोटो काढतेय, तोवर तात्या पुढे झाले.

"फवारा कवा मारला?"

"आं?"

"कोबीला औशिद कवा मारलं?"

"मारलं आसंल परवा-तेरवा. धुवून घ्या की."

"परवा का तेरवा?"

तो माणूस कोबी उचलून तडक घरी गेला. पुढे सहा महिने त्याने शाळेच्या दिशेने पाहिलं नाही. मी तात्यांना म्हटलं, "अहो, देणाऱ्याची उलटतपासणी घेतात का?" ते म्हणाले, "घ्यावी लागती. देनारा हौसंनं देतो. पोटात कुनाच्या जातं?"

त्याहून मोठा घोटाळा गुलाबजामांचा. सरपंचांच्या नातवाचा वाढदिवस होता. त्यांनी सगळ्या पोरांना गोड खाऊ घालायचं ठरवलं. मला केवढा आनंद! व्हरांड्याचे पत्रे गळत होते, त्यांचा विषय त्याच निमित्ताने काढावा असा माझा बेत होता. सरपंच स्वतः पातेलं घेऊन गाडीतून उतरले. मागे नातू, नव्या कपड्यांत. तात्या पायरीवरच उभे.

"कवा केल्यात?"

"रातीच केल्यात तात्या, ताजे हायेत."

"राती म्हंजी किती वाजता?"

"आता मी काय घड्याळ लावून बसलो व्हतो का?"

"आन राती ठिवलं कुटं? उगडं का झाकून?"

सरपंचांचा चेहरा लाल झाला. मी तात्यांचा हात धरून त्यांना आत ओढायला लागले. ते हलेनात. शेवटी त्यांनी पातेल्यातला एक गुलाबजाम उचलून तोंडात टाकला, दुसरा टाकला, आणि सरपंचांना म्हणाले, "बसा. अर्दा तास."

सरपंच कसले बसतात. पातेलं गाडीत, नातू रडत गाडीत, गाडी धूळ उडवत रस्त्याला. पत्रे पुढे दोन पावसाळे गळले. मी त्या दिवशी खोलीवर जाऊन नवऱ्याला फोन केला आणि सलग पाऊण तास तात्यांना शिव्या घातल्या. तो म्हणाला, "बदलीचा अर्ज टाक." मी म्हटलं, "मी कशाला टाकू? त्यांची बदली होत नाही का कुठे?"

पण शिक्षणप्रेमींची बदली होत नाही. समितीची मुदत दोन वर्षं. पहिली मुदत संपल्यावर कोणी दुसरं पुढे आलं नाही, म्हणून तात्याच पुन्हा. दुसरी मुदत संपत आली तेव्हा मात्र मी दबा धरून बसले होते. आणि नेमकी त्याच सुमाराला मिठाची भानगड झाली.

त्या दिवशी विमलमावशींनी खिचडीत मीठ घातलं. मग त्यांच्या लेकीचा फोन आला. फोनवर बोलून परत आल्या आणि मीठ घालायचं राहिलं असं वाटून पुन्हा घातलं. तात्यांनी नेहमीसारखी ताटलीभर खिचडी डोळे मिटून खाल्ली. अर्धा तास बसले. "व्हय. वाढा," म्हणाले.

पहिल्या रांगेतल्या पोरांनी पहिला घास घेतला आणि सगळी एका दमात उठून नळाकडे पळाली. मी एक चमचा तोंडात घातला. समुद्र! जिभेला झिणझिण्या आल्या. मी रजिस्टर ओढलं. ताज्या शाईत लिहिलं होतं, 'तांदूळ शिजला. खडा नाही. मीठ बरोबर.'

मावशींनी घाईघाईने बिनमिठाचा भात टाकून तो त्यात मिसळला, पोरं कशीबशी जेवली. पण मी ते रजिस्टर घेऊन ऑफिसात बसले आणि मागची पानं चाळायला लागले. कालचं पान, मीठ बरोबर. गेल्या महिन्याचं, मीठ बरोबर. गेल्या वर्षीचं, त्याच्या मागच्या वर्षीचं. खडे, टरफलं, करपलेलं बूड, सगळ्याची नोंद होती. पण मीठ चार वर्षांत एक दिवसही कमी नव्हतं की जास्त नव्हतं. विमलमावशींच्या हाताला मी ओळखते. हे शक्यच नव्हतं.

माझं डोकं सणकलं. म्हणजे हा माणूस चव बघतच नव्हता! पोरांना उपाशी ठेवून, माझे तास बुडवून, फुकटचा रुबाब करत होता आणि मनाला येईल ते लिहीत होता. मी गायकवाड सरांना वही दाखवली. ते सुस्कारा सोडून म्हणाले, "मॅडम, हीच वेळ आहे."

पुढच्या आठवड्यात पालकसभा घेतली. शिक्षणप्रेमी म्हणून मिरजगावात दुकान चालवणाऱ्या एका पदवीधर तरुणाचं नाव मी सुचवलं. तो भला मुलगा, आधीच मला सांगून बसला होता की मॅडम, सही हवी तेव्हा बोलवा, एरवी मला वेळ नसतो. मला अगदी असाच शिक्षणप्रेमी हवा होता. मिठाचा किस्सा गावभर झालेला होताच. तात्यांचं नाव कोणी घेतलं नाही. कोणीतरी मागून "खारट" असं म्हणालं आणि हशा पिकला.

तात्या त्यांच्या त्या चौथीच्या कोपऱ्यात बसले होते. ते हसले नाहीत, चिडले नाहीत. सगळं संपल्यावर उभे राहून एवढंच विचारलं, "मंग चव कोन बघनार?"

"पालक बघतील, पाळीपाळीने," मी म्हटलं. "वेळापत्रक लावलंय भिंतीवर."

त्यांनी भिंतीजवळ जाऊन वेळापत्रक वाचलं. बोट ठेवून, एकेक नाव. मग पिशवी उचलून गेले. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. मी त्या दिवशी चहात साखर जास्त घातली.

पहिल्या दिवशी पाळीची आई आली. दुसऱ्या दिवशी ज्या वडिलांची पाळी, त्यांच्याकडे उसाची तोड आली होती. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. चौथ्या दिवसापासून गायकवाड सर मोबाईल कानाला लावून चमचाभर खिचडी तोंडात टाकायचे आणि सही करायचे. शेरा, 'उत्तम'. रजिस्टर मिटायला लागलं. एकच्या ठोक्याला पंगत बसायची. विमलमावशींचं कौतुक वाटायचं, कारण त्या आता चांगल्या साडेबारालाच खिचडी उतरवायच्या. मी सरांना म्हटलंसुद्धा, "बघा, तात्या डोक्यावर नसले की बाईचं काम कसं लवकर होतं." फक्त पातेल्यावरचं झाकण काढायला त्या एक वाजेपर्यंत कुरकुर करायच्या. "वाफ जिरू द्या म्याडम," म्हणायच्या. आता वाफ जिरायला अर्धा तास लागतो का? पण मी सुखात होते, कशाला वाद घाला.

अशी दोन आठवड्यांची शांतता उपभोगून झाल्यावर एके दिवशी साडेबाराच्या सुमाराला मी मागच्या खिडकीतून पाहिलं, तर विमलमावशी पदराखाली काहीतरी लपवून कुंपणाच्या भिंतीकडे चाललेल्या. भिंतीपाशी थांबून त्यांनी एक स्टीलचा डबा पलीकडे दिला. पलीकडून एका हाताने तो घेतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांचं अन्न, आणि माझ्या नाकाखालून बाहेर! मी फाटकातून वळसा घालून मागे गेले. कुंपणापलीकडे चिंचेचं झाड आहे. झाडाखाली तात्या बसले होते. मांडीवर डबा, हातात चमचा.

मला बघून त्यांनी डबा पाठीमागे लपवला. बहात्तर वर्षांचा माणूस, चोरी पकडलेल्या पोरासारखा.

"तात्या, हे काय चाललंय?"

"विमलला काय बोलू नका, बाई. म्याच तिला म्हनालो."

"रोज?"

"रोज."

"अहो, भूक लागत असेल तर तसं सांगायचं, आत येऊन जेवायचं. हे असं चोरून? उद्या तपासणीला कोणी आलं तर त्या बाईचं काम जाईल!"

"भुकंचं न्हाई. घरी भाकरी केलीया म्या."

"मग कशाचं? चव बघताय अजून?" माझा आवाज चढला. "चार वर्षं बघितलीत ना? रोज मीठ बरोबर! ज्या दिवशी ते तोंडात धरवत नव्हतं, त्या दिवशीही मीठ बरोबर! काय बघत होतात तुम्ही?"

तात्या चिंचेच्या मुळाकडे बघत हळू म्हणाले, "चव कळत न्हाई मला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"करोनात गेली. कारभारीन गेली त्याच आठवड्यात. तिला नगरला न्हेलं दवाखान्यात, ती तिकडनं आलीच न्हाई. मी हितं घरात येकला, तापात. भाकर तोंडात घातली तर माती. म्हनलं, येईल म्हैन्याभरात. लोकांची आली म्हनं. माजी न्हाई आली. आता गुळ खाल्ला काय, मिर्ची खाल्ली काय, येकच."

"आणि तुम्ही चव बघायला आलात?" मला आता रागवावं की काय करावं, तेच कळेना. "मिठाचं काय लिहीत होतात मग?"

"विमलला इचारायचो, घातलंय का. ती म्हनायची घातलंय. मंग बरोबर." ते थोडे ओशाळले. "तेवडं खोटं लिवलं. बाकी सगळं डोळ्यानं बघून लिवलंय."

"पण चवच कळत नाही, तर रोज ताटलीभर खाऊन काय बघत होता, तात्या?"

"मला काय हुतंय का, ते."

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले.

"त्याल खराब आसंल. डाळीत पाल पडली आसंल. औशिद ऱ्हायलं आसंल भाजीवर. कुनी मुद्दाम करतं का? पर हुतं. आन पंचावन्न पोरं येकदम खात्यात, बाई. म्हून आदी येकानं पोटभर खावं. चमच्यानं काय कळनार? अर्दा तास बसावं. त्याला मळमळलं न्हाई, गरगरलं न्हाई, तर मंग पोरांला वाढावं. तुमचा नेमच हाय की तसा. म्या काय नवीन केलं न्हाई."

नियम तसाच होता. मी तो चार वर्षं भिंतीवर चिकटवून ठेवला होता. अर्धा तास कशासाठी, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. गुलाबजाम, कोबी, टाकीतलं शेवाळ, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून भराभर गेलं. मला स्वतःचीच लाज वाटली. अर्ध्या तासात सगळंच कळतं असं नाही, हेही मला माहीत होतं. ते मी बोलले नाही.

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर?" मी विचारलं.

"म्हून तर मी." त्यांनी डबा पुन्हा पुढे घेतला. "कुनीतरी आदी खायाचंच हाय. मंग ज्याच्यामागं कोन न्हाई त्यानं खावं. पाळी लावली तुमी पालकांची, वाचलं म्या. पर त्या समद्यांच्या घरी लेकरं हायती. म्हून विमलला म्हनलं, साडेबाराला उतरव आन मला डबा दे. एकला म्या भितीवरनं हात हालवला, तरच वाढ."

म्हणजे ती जिरत होती ती वाफ नव्हती. दोन आठवडे माझ्या शाळेचं जेवण एका भिंतीपलीकडून पास होत होतं आणि मी सरांचा 'उत्तम' वाचून खूश होते. मला माणसांवर ओरडायची सवय आहे, रडायची नाही, त्यामुळे काय करावं ते सुचेना. मी खाली बसले आणि उगाचच दरडावल्यासारखं म्हटलं, "द्या तो डबा इकडे. मीठ तरी बघते मी. उद्यापासून आत यायचं, ताटली घेऊन. समिती गेली उडत."

मी हात पुढे केला तसा त्यांनी डबा झटकन छातीशी धरला.

"न्हाई न्हाई. तुमी न्हाई."

"का?"

"आत्ताच खाल्लंय म्या. आजून वीस मिन्टं हायती." ते माझ्यावर चक्क खेकसले. "तुमची दोन लेकरं हायेत ना सावेडीला? शनवारी वाट बघत आसत्याल. थांबा गुमान."

मी गुमान थांबले. आत पोरांचा पाढ्यांचा आवाज चालू होता. वीस मिनिटं तात्या पोटावर हात ठेवून स्वतःच्या पोटाकडे लक्ष देत राहिले, आणि मी त्यांच्याकडे.